समुद्राकाठचे आठ खण

४ ऑगस्ट

आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं कपाट सुखरूप पोचलं आणि त्याचे आठही खण अलगद उघडतात. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं चूक. ट्रकमधून उतरवलं त्या दिवशी सगळे खण मी एकेक करून ओढून बघितले होते आणि ते उघडत होते. पण पत्र लिहायला बसले त्याआधी काही दिवस गेले होते आणि मी पुन्हा जाऊन बघितलं नव्हतं. काल बघितलं. सहा उघडतात. सातव्याला दोन्ही हातांनी ओढावं लागतं. आठवा, म्हणजे सगळ्यात खालचा उजवीकडचा, मुळीच हलत नाही. तुला खोटी बातमी दिल्यासारखं झालं, म्हणून काल रात्रीची झोप गेली.

तू हसशील. पण तूच शिकवलंस की न बघता माप सांगू नये.

तू हे घर बघितलेलं नाहीस, म्हणून कपाट कुठे आहे ते सांगते. घर इतकं पाण्याला लागून आहे की दिवाणखान्यातून बघितलं तर मधली बाग दिसतच नाही, फरशी संपते तिथे समुद्रच सुरू होतो असं वाटतं. तीन बाजूंना काच. बाईंनी (माझ्या बॉसला इथे सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात) तीस वर्षं अशीच घरं सजवली आहेत आणि त्यांचे नियम ठरलेले आहेत. चामड्याचा सोफा नाही, त्यावर बुरशी धरते. पितळेच्या मुठी नाहीत, महिन्यात काळ्या पडतात. सोफ्याचे पाय एवढे उंच की खालून फडकं फिरलं पाहिजे, कारण वाळू रोज आत येते, कितीही पाय पुसा. पडदे पांढरे किंवा वाळूच्या रंगाचे, कारण दुसरा कुठलाही रंग उन्हात वर्षभरात उतरून तसाच होतो. “मग आधीच शहाणपण केलेलं बरं,” असं बाई म्हणतात.

तुझं कपाट वरच्या झोपायच्या खोलीत आहे, आतल्या भिंतीला. उन्हाची तिरीपसुद्धा पोचत नाही. बाईंनी त्याला जागा देताना म्हटलं, “या घरात हात लागलेली एवढी एकच वस्तू आहे, बाकी सगळं दुकानातलं.” मला एवढा आनंद झाला की मी त्यांना उगाचच थँक्यू म्हटलं.

घराच्या मालकीण डॉक्टरीणबाई तुला आठवत असतील. थंडीत आपल्या कारखान्यात आल्या होत्या, आणि तू एक खण ढकललास तेव्हा आतल्या हवेच्या दाबाने शेजारचा खण आपोआप बोटभर बाहेर आला, तर लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवून हसल्या. नंतर स्टुलावर बसून पाऊण तास तेच करत राहिल्या. तेवढ्यासाठीच त्यांनी कपाट सांगितलं. त्या वीस सप्टेंबरला राहायला येणार आहेत. आणि इथे एक खण हलतच नाही.

रंधा मारू का? अगदी थोडा? तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

बाबांना सांग, मी वेळेवर जेवते. (बहुतेक.)

तुझी,
मोजपट्टी

*

११ ऑगस्ट

मोजपट्टी,

हे अक्षर तुझ्या बापाचं आहे, मजकूर माझा आहे. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे. तेव्हा मी सांगते आणि हा लिहितो.

पहिली गोष्ट. खबरदार रंध्याला हात लावलास तर. माझ्या कपाटाचा खण सैल करायचा म्हणजे शिवलेल्या कपड्याची शिवण उसवायची. आपल्याकडचा खण हवा धरून बसतो, म्हणून लोक घेतात. चार पैसे टाकून कुठलाही सुतार खुळखुळणारा खण करून देईल, त्याला आपण कशाला?

दुसरी गोष्ट. खण अडकत नसतात, घरं वाकडी असतात. त्या तुमच्या काचेच्या घराची फरशी सपाट आहे का ते बघ. पाणसळ लाव. चारी पायांखाली बघ. एक पाय जरी केसभर वर असला तर सगळा सांगाडा पिळतो आणि खण धरतो. हे मी तुला तू सात वर्षांची असताना सांगितलंय, तेव्हा तू माझ्या पायाशी बसून ढलप्यांच्या बांगड्या घालत होतीस.

तिसरी गोष्ट. त्या खोलीत कोणी ओलं फडकं मारतं का? बघ.

(हे माझं: इथे सगळं ठीक आहे. ती रागावलेली नाही, तिचा आवाजच तसा आहे. – बाबा)

काय लिहिलंस रे तिथे? एवढ्या वेळात मी काही बोलले नव्हते.

(ती विचारते आहे काय लिहिलं. मी म्हटलं, स्वल्पविराम दिला. – बाबा)

तुझ्या बाईंना म्हणावं, हात लागलेली वस्तू म्हटलंत ते बरं केलंत. पण पितळेच्या मुठी काळ्या पडतात म्हणून लावायच्या नाहीत, हे मला काही पटलं नाही. पुसायला हात नाहीत का घरात?

‘बहुतेक’ कोण जेवतं? नीट जेव.

आत्या

*

१७ ऑगस्ट

आत्या,

तू सांगितलंस ते सगळं केलं. पाणसळ लावली, लांबीत आणि रुंदीत, दोन वेगवेगळ्या पाणसळी, कारण पहिलीच चुकीची असेल तर काय. फरशी सपाट आहे. चारी पायांखाली कागदाचा कपटा सरकवून बघितला, चारही सारखे टेकले आहेत. ओलं फडकं मारणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ताई, त्या खोलीत मला कोणी पाऊलसुद्धा टाकू देत नाही, तुम्हीच दारात उभ्या असता.” ते खरं आहे.

आता पाच खण अडकले आहेत.

बाईंना सांगावं लागलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी तळहात कपाटाच्या बाजूला टेकवला, आपण ताप बघतो तसा, आणि म्हणाल्या, “ही हवा आहे गं. तुझं लाकूड कोरड्या गावातून आलंय. इथे येऊन ते पाणी प्यायलं. माणसंसुद्धा इथे आली की पहिल्या महिन्यात अंगठ्या काढून ठेवतात.” मग मला त्यांनी स्वतःची बोटं दाखवली. एकाही बोटात अंगठी नाही.

त्या म्हणाल्या, खोलीत दिवसरात्र एसी चालू ठेवला तर लाकूड परत जागेवर येईल. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मी खिडक्या उघड्या ठेवणार. मी समुद्र ऐकायला येतेय, यंत्र ऐकायला नाही.” त्यांना खणांबद्दल मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मला तेव्हा धीर झाला नाही. तुझ्या हातचं काम मी कोणापुढे तरी वाईट ठरवतेय असं वाटलं.

बाईंनी सरळ सांगितलं आहे. वीस सप्टेंबरच्या आधी खण चालले पाहिजेत. नाही चालले, तर कपाट बाहेर जाईल आणि त्या जागी लोखंडी पट्टीवर सरकणाऱ्या खणांचं तयार कपाट येईल. त्यांनी ते बघूनही ठेवलंय. हे सांगताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. त्या रागावल्या असत्या तर मला मनातल्या मनात भांडता आलं असतं.

आत्या, माझं एवढंच म्हणणं आहे की कपाट त्या खोलीतून जाऊ नये. तू तुझ्या पद्धतीने ते कर. तूच ये ना. दोन दिवस. तू खणाला कान लावलास तरी तुला कळेल किती काढायचं. मी स्टेशनवर घ्यायला येईन. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. बाबांनाही आण. समुद्र बघाल. बाबांना पाणी आवडत नाही हे मला माहीत आहे, पण लांबून बघायला काय हरकत आहे?

चष्मा अजून दुरुस्त झाला नाही का? काडी बसवायला दहा मिनिटं लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानात दे.

मोजपट्टी

*

२४ ऑगस्ट

मोजपट्टी,

मला यायला जमणार नाही. गुडघा दुखतो. शिवाय इथे कामं पडली आहेत. शिवाय गाडीत मला झोप लागत नाही.

हवा, हवा काय? आपण आजवर काय हवा नसलेल्या जागी कपाटं दिली? लाकूड दोन उन्हाळे वाळवलेलं आहे. त्याने कशाला पाणी प्यावं?

तुझ्या बाईंना कपाट नको असेल तर परत पाठवा. ट्रकचं मी बघेन. पण रंधा मारायचा नाही. तूही नाही, तिथला कोणी सुतारही नाही. माझ्या कपाटाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

बास. एवढंच लिही.

(एवढंच लिहायला सांगितलंय. चष्मा दुरुस्त होईल. गुडघ्याचं काही विशेष नाही. तू काळजी करू नकोस म्हणून लिहितोय, पण मला माहीत आहे तू करणारच. – बाबा)

आत्या

*

३० ऑगस्ट

आत्या, आणि बाबा, कारण हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार,

आत्या माझ्यावर रागावली आहे असं मी चार दिवस धरून चालले होते. माझं काय चुकलं ते शोधत होते. एकदा वाटलं, मी ‘तू ये’ म्हटलं त्यात ‘तुझं काम तूच निस्तर’ असं ऐकू आलं असेल. एकदा वाटलं, बाईंच्या अंगठ्यांचं लिहायला नको होतं. मग मी माफीचं एक पत्र लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात पहिल्याबद्दल माफी मागितली होती, तेही फाडलं. बाईंनी कचऱ्याचा डबा बघून विचारलं, “प्रेमपत्रं का गं?” मी म्हटलं, “आत्याला लिहिते आहे.” त्या म्हणाल्या, “मग बरोबर. त्याला जास्तच कागद लागतो.”

आता काय झालं ते नीट सांगते.

मी रंधा मारलेला नाही. पण वरचा डावीकडचा एक खण अजून निघत होता. तो पूर्ण बाहेर काढून मी त्या रिकाम्या कप्प्यात बाईंच्या सांगण्यावरून एक छोटा बल्ब लावून ठेवला. इथे सगळ्या घरांत कपड्यांच्या कपाटात असा बल्ब असतो, दमटपणा जावा म्हणून. तीन दिवसांनी आतली बाजू थोडी सुकली आणि खालचा अडकलेला खण निघाला. मी तो मांडीवर पालथा घेतला.

तळाखालच्या पट्टीला मेण लावलेलं आहे.

मला आधी वाटलं, मला भास झाला. म्हणून नाक लावून वास घेतला. बाबा, ते तुमचं मेण आहे. तुम्ही पॉलिशला लावता ते, त्यात तो औषधासारखा वास असतो. लहानपणी तुमच्या शर्टाला यायचा तोच. आणि आत्याने आयुष्यात कधी खणाला मेण लावू दिलेलं नाही. ‘मेण लावलेला खण म्हणजे पावडर फासलेला चेहरा’ असं म्हणून तिने एकदा माझ्या हातातली डबी काढून घेतली होती. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

मग मी खणाच्या बाजू खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात बघितल्या. रंध्याचे पट्टे उलट्या दिशेने उतरलेत. डाव्या हाताने मारलेल्या रंध्याचे असतात तसे. आपल्याकडे डावखुरे तुम्ही एकटे आहात, बाबा. आणि तुम्ही पॉलिश करता. खण बसवायला तुम्हाला ती कधी जवळ येऊ देत नाही.

मग मी उरलेले निघतील तेवढे खण काढले. सगळे तसेच आहेत. सांगाडा मात्र आत्याचा आहे. त्याबद्दल मला शंका नाही, त्याच्या सांध्यांत नख जात नाही.

आता मी हे विचारावं की नाही, याचा मी खूप विचार केला. न विचारता गप्प बसले असते तर ते तुमच्याशी खोटं वागणं झालं असतं. आत्या, खण तू का बसवले नाहीस? आणि चष्म्याची काडी बसवायला एवढे आठवडे लागतात का?

मला राग नाही. फक्त भीती वाटते. खरं काय ते सांग. कितीही वाईट असलं तरी चालेल, मी त्याहून वाईट कल्पना करून बसले आहे.

तुमची,
मोजपट्टी

*

५ सप्टेंबर

बाळा,

हे माझंच अक्षर आहे. वाकडं आलंय. तुझा बाप बाहेर गेलाय आणि तो येईपर्यंत मला हे संपवायचं आहे, कारण त्याच्यासमोर मला यातलं काही सांगता येणार नाही. तुझं पत्र त्याने नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. मेणापाशी आला आणि थांबला. मग चहा करायला उठला.

चष्म्याला काही झालेलं नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर असतात. उन्हाळ्यापासून. कप धरता येतो, किल्ली फिरवता येते, सांगाडा केला तेव्हाही चालत होतं. पण पातळ काम आलं की घोळ होतो. रंधा हातात असतो, तो लाकडावरून जातो, आवाजही येतो, पण तो किती खातोय ते मला कळत नाही. तेवढंच कळत नाही. आणि आपलं सगळं काम तेवढ्यावरच आहे.

पहिला खण मी वाया घालवला. दुसराही. मग मी तुझ्या बापाला म्हटलं, तू मार, मी उभी राहून सांगते. एवढी वर्षं त्याला मी खणाजवळ येऊ दिलं नाही, आता त्याला माझ्या जागी उभं केलं. प्रत्येक पट्ट्यानंतर तो माझ्या तोंडाकडे बघायचा. खण घट्ट बसले, थोडे जास्तच. मी नुसत्या डोळ्यांनी बघून ‘बरोबर’ म्हटलं. त्याने मेण लावलं ते मला न विचारता. मी बघितलं आणि राहू दिलं. इथल्या हवेत ते खण चाललेही असते.

म्हणून मला तिथे यायचं नव्हतं. तू म्हणाली असतीस, आत्या, तू मार. सगळ्यांच्या समोर. मग?

आणि तुला सांगितलं नाही, कारण तू पुढच्या गाडीने परत आली असतीस. माझा हात झाली असतीस. तुला तिथे त्या बाईंकडे काम मिळालंय, ती बाई तुला ‘या घरात हात लागलेली वस्तू’ असलं काहीतरी बोलून दाखवते, तिला तुझ्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो. मी तुला कशाला परत आणू? मी तुला शिकवलं ते तू इथेच कायम माझ्या पायाशी बसावंस म्हणून नाही.

कपाट मात्र तिथे राहू दे. मी परत पाठवा म्हटलं ते रागाने म्हटलं. आता ते जाऊ नये असं मलाच वाटतंय. पुढे मी दुसरं करेन की नाही, मला माहीत नाही.

रंधा तू मार. खणाच्या बाजूने एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेव. त्याहून जास्त नाही. मेण पुसून काढ. तुझ्या बापाला ते कळवू नकोस.

गाडी थांबल्याचा आवाज आला.

आत्या

*

१० सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन कामावर गेले. डोळे लाल का आहेत म्हणून बाईंनी विचारलं तर वाऱ्याने वाळू गेली म्हटलं. त्या म्हणाल्या, “दोन्ही डोळ्यांत एकदम?” आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या जागी तू असतीस तर तू विचारलं असतंस. दोघी आपापल्या परीने बरोबर आहात.

तू विचारायच्या आधीच सांगते, मी पुढच्या गाडीने येत नाहीये. यायचं होतं. बॅग खाटेवर काढून ठेवली होती. मग तुझं ते पायाशी बसण्याबद्दलचं वाक्य पुन्हा वाचलं आणि बॅग परत वर ठेवली. त्याबद्दल आपण समोरासमोर भांडू. आत्ता नाही.

आता जे केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की काही लपवलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि खरं सांगितलं. की इथल्या हवेत खण फुगलेत, ते सैल करावे लागतील, आणि सैल केले की एक खण ढकलल्यावर शेजारचा बाहेर येणार नाही. जे बघून तुम्ही कपाट घेतलंत तेच राहणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “खण उघडला म्हणजे झालं. समुद्रावर राहायला येऊन मला आणखी वारा कशाला हवा?” मी एवढी हसले की मला पुन्हा थोडं रडू आलं.

मग मी त्यांना आणखी एक विचारलं. तुझं नाव घेतलं नाही. आमच्याकडे एकजण आहेत, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, “करंगळी ठीक आहे ना? रात्री हात झटकावासा वाटतो का? आणि हे एकजण रंधा मारतात का?” आत्या, मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी गप्प बसले. त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, असं बहुतेक वेळा मनगटात नस दाबली गेल्याने होतं, जन्मभर रंधा आणि पटाशी धरणाऱ्यांना होतंच, आणि बऱ्याच जणांचं बरंही होतं. पण हात बघितल्याशिवाय त्या काही सांगणार नाहीत. उशीर करू नये, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. तिथेच एखाद्या डॉक्टरांना दाखवायचं, नाहीतर तू इथे आलीस तर त्या स्वतः बघतील. रागावलीस तरी चालेल. तू मला चांगलं चार महिने फसवलंस, मी तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले.

रात्री झटकावासा वाटतो का गं? मला कळव.

आता रंध्याचं. तू पोस्टकार्डाएवढी फट म्हणतेस. ती मी ठेवणार नाही. मी तुझं म्हणणं मोडायला बघत नाहीये, मी तीन रात्री हाच विचार केला. आपल्या कारखान्यात तेवढी फट पुरेल. इथे पुरणार नाही. बाईंनी मला शेजारच्या घरातलं एक जुनं कपाट दाखवलं, त्यांनीच बारा वर्षांपूर्वी बसवलेलं. भर दमट दिवसात त्याचे खण एका हाताने निघतात. मी त्याच्या फटीत कागद सरकवून बघितले. जवळजवळ दुप्पट फट आहे. मी तेवढीच ठेवणार. कोरड्या दिवसांत खण थोडे खुळखुळतील. तुला ते ऐकवणार नाही, हे मला माहीत आहे. पण डॉक्टरीणबाईंना रोज सकाळी खण उघडायचा आहे, वर्षभर. त्यासाठी तो थोडा खुळखुळला तर खुळखुळू दे.

बाबांबद्दल एक सांगते. तू मेण पुसून काढ म्हणालीस. मी बाजूंना लागलेलं पुसेन, कारण रंधा मारायचा आहे. तळाच्या पट्टीचं ठेवणार आहे. त्याने खण खरंच बरा चालतो. आणि त्यांनी तुला न विचारता आयुष्यात केलेलं ते एकच काम असावं. हे पत्र ते तुला वाचून दाखवत असतील, तर बाबा, कळलं ना? आता चहा करायला उठू नका. बसा तिथेच.

बाईंकडून मी खोली मागून घेतली आहे. त्या दिवशी तिथे दुसरं कोणी काम करणार नाही. त्यांच्या ओळखीच्या सुताराकडून चांगली धार लावलेला रंधा आणला आहे. त्याने मला दोन ढलप्या काढून बघायला लावल्या आणि म्हणाला, “कोणाच्या हाताखाली शिकलीस?” मी सांगितलं. त्याने लगेच रंधा काढून दिला.

आणि एक खुर्ची मी खिडकीपाशी मांडून ठेवणार आहे, पाठ समुद्राकडे, तोंड कपाटाकडे. तू आलीस तर तिथे बस. हात मांडीवर ठेव. तुला एकाही वस्तूला हात लावायचा नाही, कोणी लावायलाही सांगणार नाही. नुसतं बघ आणि मी चुकले की ओरड. सगळ्या जगासमोर ओरड. ते मला ओळखीचं आहे. गाडी बुधवारी सकाळी निघते आणि संध्याकाळी इथे पोचते. बाबांना खिडकीची जागा देऊ नकोस, त्यांना गरगरतं.

नाही आलीस तरी मी थांबणार नाही. मी आजवर प्रत्येक गोष्ट तुला विचारून केली. हीसुद्धा विचारली, तू परवानगी दिलीस, आणि आता मी त्या परवानगीपेक्षा थोडं जास्त करणार आहे. तुला आधी कळवते आहे, एवढंच.

गुरुवारी, अठरा सप्टेंबरला, सकाळी उजेड खोलीत आला की मी पहिल्या खणाला रंधा लावते.

तुझी,
मोजपट्टी